मोतीबिंदूमागे रोगप्रतिकारशक्तीचाही हात?

प्रतिनिधी

साठी ओलांडलेली माणसे ज्या घरात आहेत, तेथे मोतीबिंदू हा शब्द कधी ना कधी कानी पडतोच. केस पांढरे होतात, गुडघे कुरकुरू लागतात, त्याचप्रमाणे डोळ्यातील भिंगही कालांतराने गढूळ होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ढोबळमानाने ती खरीही आहे. परंतु एकाच वयाच्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाला साठाव्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागते आणि दुसरा ऐंशीव्या वर्षीही चष्म्याच्या साहाय्याने वर्तमानपत्र वाचतो, असे का घडते, याचे उत्तर केवळ वयाकडे बोट दाखवून मिळत नाही.

ऊन, धूम्रपान, मधुमेह, आनुवंशिकता ही कारणे आता परिचयाची झाली आहेत. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एका घटकाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे. हा घटक म्हणजे आपल्याच शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणा. डोळ्यातील भिंग या यंत्रणेच्या कक्षेबाहेर असते, असे शंभर वर्षे मानले जात होते. ही समजूत आता बदलू लागली आहे. मात्र वार्धक्यातील नेहमीच्या मोतीबिंदूत प्रतिकारयंत्रणेचा वाटा नेमका किती, हा प्रश्न अद्याप खुला आहे. या विषयातील सिद्ध गोष्टी कोणत्या आणि केवळ शक्यता कोणत्या, हे वेगवेगळे करून पाहणे रुग्णांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे अंधत्व अथवा दूरचे पाहण्यात मध्यम ते तीव्र अडचण असलेल्या व्यक्तींची संख्या जगात सुमारे ९ कोटी ४० लाख आहे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पन्नाशीपुढील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वास मोतीबिंदू कारणीभूत असल्याचे आढळले. हे अंधत्व शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. परंतु ती सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. मोतीबिंदूची सुरुवात दहा वर्षांनी लांबवता आली, तर शस्त्रक्रियांची गरज जवळजवळ निम्म्याने कमी होईल, असा अंदाज १९८०च्या दशकापासून नेत्रसंशोधनात मांडला जातो. त्यामुळेच मोतीबिंदूच्या मूळ कारणांचा शोध हा निव्वळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहत नाही.

भिंग गढूळ कसे होते?

बुबुळाच्या मागे असलेले नैसर्गिक भिंग हा शरीरातील एक विलक्षण अवयव आहे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. त्याच्या सभोवती पातळ, पारदर्शक आवरण असते. आवरणाच्या आत, पुढील बाजूस पेशींचा एकच थर असतो. या पेशी विभागून भिंगाच्या कडेकडे सरकतात, लांबट होतात आणि भिंगाचे तंतू बनतात. तंतू तयार होताना त्यांतील केंद्रक व इतर घटक नाहीसे होतात, कारण प्रकाशाच्या मार्गात अडथळा ठरेल असे काहीही तेथे चालत नाही. मागे उरते ते प्रामुख्याने पाणी आणि क्रिस्टलिन या वर्गातील प्रथिने.

ही प्रथिने एकदा तयार झाली की भिंगाच्या गाभ्यात ती पुन्हा बदलली जात नाहीत. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ साली याचा मोठा रंजक पुरावा दिला. १९५०-६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. मृत व्यक्तींच्या भिंगातील या कार्बनचे मोजमाप केले असता, त्यावरून त्या व्यक्तीचे जन्मवर्ष सांगता येत असल्याचे दिसून आले. म्हणजेच सत्तरीच्या माणसाच्या भिंगाच्या गाभ्यातील प्रथिनेही सत्तर वर्षांचीच असतात.

इतक्या दीर्घ काळात या प्रथिनांवर ऑक्सिडीकरणाचे आघात होत राहतात. त्यांची घडी बिघडते आणि ती एकमेकांना चिकटून गुठळ्या बनवतात. अल्फा क्रिस्टलिन हे प्रथिन इतर प्रथिनांना आधार देऊन त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाही, हे जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ साली दाखवून दिले. हा राखीव साठा संपत आला आणि ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्येही गाभ्यापर्यंत पोहोचेनाशी झाली, की प्रकाश विखुरला जाऊ लागतो. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात भिंगाचा गाभा पिवळसर, तपकिरी आणि कठीण होतो. दुसऱ्यात भिंगाच्या बाहेरील भागात आऱ्यांसारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. तिसऱ्यात मागील आवरणाच्या लगत गढूळ थर जमतो. हे प्रकार ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण प्रतिकारयंत्रणेचा संबंध तिन्ही प्रकारांशी सारखाच असेल, असे मानण्यास आधार नाही.

प्रतिकारयंत्रणेपासून दूर?

प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे मुख्यतः रक्तातून प्रवास करतात. भिंगात रक्तच नाही, तर तेथे त्यांचे काय काम, असा साधा तर्क पूर्वी केला जात असे. त्यास प्रयोगांचाही आधार मिळत गेला. जर्मन शास्त्रज्ञ पाउल उलेनहूथ यांनी १९०३ साली असे दाखवले की, एका प्राण्याच्या भिंगाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे इतर प्राण्यांच्या भिंगांशीही संयोग पावतात. रक्तातील प्रथिने प्रत्येक प्राण्यात वेगळी ओळखू येतात, भिंगातील प्रथिनांचे मात्र तसे नाही. यावरून भिंग हा प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने स्वतंत्र, वेगळ्या ओळखीचा अवयव असल्याचे मत रूढ झाले.

पुढे १९४८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशांच्या डोळ्याच्या पुढील कप्प्यात परक्या त्वचेचे तुकडे बसवले. शरीराच्या इतर भागात असे तुकडे लवकर नाकारले जातात. डोळ्यात मात्र ते बराच काळ टिकू शकले. डोळ्याला प्रतिकारयंत्रणेकडून अशी खास सवलत मिळते, ही कल्पना तेव्हापासून दृढ झाली. प्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनासाठी मेडावर यांना १९६० साली फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

ही सवलत निसर्गाने विचारपूर्वक दिलेली दिसते. त्वचेवर जखम झाली तर सूज येते, लाली येते आणि व्रण राहतो. व्रण राहिला तरी त्वचेचे काम फारसे बिघडत नाही. डोळ्याच्या पारदर्शक भागात मात्र तेवढीच सूज आणि तेवढाच व्रण दृष्टी घालवण्यास पुरेसा ठरतो.

आवरण फुटते तेव्हा

भिंगाचे आवरण फाटले आणि आतील प्रथिने बाहेर आली, तर हीच प्रतिकारयंत्रणा किती आक्रमक होऊ शकते, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक व्हर्होफ आणि अल्बर्ट लेमॉइन यांनी १९२२ साली अशा रुग्णांचे वर्णन केले. दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेत भिंगाचा काही भाग आत राहून गेल्यावर त्या डोळ्यात तीव्र दाह निर्माण होत असे. शरीर स्वतःच्याच भिंगाला परके समजून त्यावर तुटून पडते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

भारतात या दाहाची पार्श्वभूमी आणखी जुनी आहे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या पद्धतीशी नाते सांगणारी, सुईने गढूळ भिंग डोळ्याच्या आत मागे ढकलून देण्याची क्रिया विसाव्या शतकापर्यंत फिरते वैदू करीत असत. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट एलियट यांनी १९१७ साली लंडनमध्ये या विषयावर व्याख्याने दिली. सुरुवातीला रुग्णाला दिसू लागे. परंतु पुढे अनेकांचे डोळे दाह आणि काचबिंदू यांमुळे कायमचे निकामी होत, हे त्यांनी तपशिलाने नोंदवले आहे. अस्वच्छ सुईमुळे होणारा जंतुसंसर्ग हे त्याचे एक मोठे कारण होते. डोळ्यातच पडून राहिलेले भिंग हेही अशा त्रासाचे निमित्त होऊ शकते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

शस्त्रक्रिया लांबवत राहिल्यास असाच धोका आजही संभवतो. मोतीबिंदू अतिपक्व झाला की भिंगातील द्रवरूप झालेली प्रथिने अखंड दिसणाऱ्या आवरणातूनही बाहेर झिरपू लागतात. ती गिळून टाकण्यासाठी भक्षक पेशी धावून येतात. प्रथिनांनी फुगलेल्या या पेशी आणि खुद्द ती प्रथिने मिळून डोळ्यातील द्रव बाहेर वाहून नेणारी सूक्ष्म जाळी तुंबवतात. डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो, डोळा लाल होतो, असह्य वेदना होतात. या प्रकारच्या काचबिंदूचे सविस्तर वर्णन १९५५ साली करण्यात आले. उपचारास विलंब झाल्यास दृष्टीची मज्जातंतू दुखावते आणि मग मोतीबिंदू काढूनही दृष्टी परत येत नाही. शस्त्रक्रियेची सोय दूर असलेल्या आपल्या ग्रामीण भागात असे रुग्ण आजही पाहावयास मिळतात.

म्हणूनच ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला आता कालबाह्य ठरला आहे. जुन्या पद्धतीत संपूर्ण भिंग काढावे लागे आणि ते पिकलेले असल्यास काढणे सोपे जाई. आजच्या पद्धतीत त्याची आवश्यकता नाही. उलट अतिकठीण वा अतिपक्व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अधिक जिकिरीची ठरते.

जुन्या सिद्धांतास धक्का

भिंगातील प्रथिने जन्मापासून आवरणात बंदिस्त असतात. त्यामुळे प्रतिकारयंत्रणेची त्यांच्याशी ओळखच झालेली नसते आणि म्हणून ती बाहेर येताच यंत्रणा खवळते, असे स्पष्टीकरण अनेक दशके दिले जात होते. हे स्पष्टीकरण सुटसुटीत होते, पण ते पूर्णतः खरे नव्हते.

अल्फा-बी क्रिस्टलिन हे प्रथिन केवळ भिंगातच नसून हृदय, स्नायू आणि मेंदू यांतही आढळते, हे १९८९ साली सिद्ध झाले. म्हणजे प्रतिकारयंत्रणेला ते सर्वस्वी अपरिचित असणे शक्य नव्हते. शिवाय भिंगातील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे मोतीबिंदूच्या रुग्णांप्रमाणेच ज्यांचे डोळे निरोगी आहेत, अशा व्यक्तींच्या रक्तातही सापडली. यावरून असे दिसते की, भिंगाची आणि प्रतिकारयंत्रणेची ओळख असते. एरवी ती यंत्रणा संयम पाळते. हा संयम सुटला की रोग उद्भवतो.

हा संयम सुटल्यास मोतीबिंदू होऊ शकतो का, याची चाचणी बोस्टनमधील धीरेंद्र सिंग, तोशिमिची शिनोहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर घेतली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात, बीटा क्रिस्टलिन टोचलेल्या उंदरांच्या शरीरात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, भिंगाच्या पुढील थरातील पेशींना इजा पोहोचली आणि मोतीबिंदू निर्माण झाला. प्रतिकारयंत्रणा मोतीबिंदूचे कारण ठरू शकते, याचा हा ठळक प्रायोगिक पुरावा होता. तथापि, उंदरांना मुद्दाम प्रथिन टोचण्यात आले होते. माणसाच्या शरीरात वाढत्या वयाबरोबर आपोआप असेच घडते, असा निष्कर्ष केवळ त्यावरून काढता येत नाही.

दाह आणि त्यावरील औषध

माणसांमध्ये प्रतिकारयंत्रणा आणि मोतीबिंदू यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो युव्हिआयटिस या विकारात. यात डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांनी युक्त पडद्याचा दाह होतो. हा दाह वारंवार किंवा दीर्घकाळ राहिल्यास तरुणपणीच मोतीबिंदू होऊ शकतो. बालवयातील संधिवाताशी निगडित युव्हिआयटिस असलेल्या लहान मुलांमध्येही तो आढळतो. अॅटॉपिक डर्मटायटिस या इसबासारख्या त्वचाविकारात प्रतिकारयंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते. त्याच्या रुग्णांनाही कमी वयात मोतीबिंदू होण्याचा धोका अधिक असतो. डोळे सतत चोळणे आणि औषधांचा वापर यांचाही त्यात भाग असू शकतो.

येथे एक विचित्र पेच उभा राहतो. दाह शमवण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइड औषधे स्वतःच मोतीबिंदूला निमंत्रण देतात. संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांमध्ये मागील आवरणालगतचा मोतीबिंदू होतो, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६० साली प्रथम निदर्शनास आणले. दम्यासाठी श्वासावाटे घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडशीही असा संबंध असल्याचे ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स नेत्र अभ्यासात १९९७ साली दिसून आले. त्यामुळे एखाद्या रुग्णाला झालेला मोतीबिंदू दाहामुळे आहे की उपचारामुळे, हे सांगणे पुष्कळदा कठीण जाते. याचा अर्थ स्टेरॉइड घेऊच नयेत असा नाही. अनियंत्रित दाह डोळ्याचे आणि अस्थमा जिवाचे अधिक नुकसान करू शकतो. मात्र ही औषधे स्वतःच्या मनाने सुरू करणे किंवा बंद करणे दोन्ही घातक आहे, आणि ती घेणाऱ्यांनी ठरावीक काळाने डोळे तपासून घ्यावेत.

धाग्यांवरून येणाऱ्या पेशी

प्रतिकारपेशी रक्तवाहिन्या नसलेल्या भिंगापर्यंत पोहोचतात कशा, या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या संशोधनातून मिळू लागले आहे. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातील स्यू मेन्को यांच्या गटाने २०१७ साली, भिंगाच्या जडणघडणीस आवश्यक असलेले एक प्रथिन नसलेल्या उंदरांचा अभ्यास केला. या उंदरांच्या सदोष वाढ झालेल्या भिंगांमध्ये प्रतिकारपेशी शिरल्याचे त्यांना आढळले. शरीर भिंगावरही देखरेख ठेवते, याचा तो संकेत होता.

त्यानंतर २०२० साली याच गटाने जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील मेरी अॅन स्टेप यांच्या सहकार्याने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या डोळ्याच्या बाह्य पारपटलावर लहानशी जखम करण्यात आली. भिंगाला हातही लावण्यात आला नव्हता. तरीही प्रतिकारपेशी भिंगाच्या पृष्ठभागावर पोहोचल्या. भिंगाला जागेवर धरून ठेवणारे अतिसूक्ष्म धागे सिलिअरी बॉडी या रक्तवाहिन्यांनी समृद्ध भागापासून भिंगाच्या आवरणापर्यंत ताणलेले असतात. प्रतिकारपेशींनी या धाग्यांचाच मार्ग म्हणून उपयोग केला होता. २०२२ साली युव्हिआयटिस झालेल्या उंदरांवरील अभ्यासात तर या पेशी भिंगाचे आवरण ओलांडून आत शिरताना आढळल्या. अभेद्य मानले गेलेले आवरण त्यांना अभेद्य नव्हते.

या पेशी तेथे दुरुस्तीसाठी जातात की बिघाड घडवतात? दोन्ही शक्यता आहेत. जखम भरून काढणे हे त्यांचे मूळ काम आहे. परंतु दुरुस्तीच्या या कामात तंतुमय ऊती निर्माण झाल्यास पारदर्शकता नष्ट होते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी कृत्रिम भिंगामागील आवरण पुन्हा गढूळ होते आणि याग लेसरने ते मोकळे करावे लागते, हा अनेकांचा अनुभव असतो. आवरणावर मागे राहिलेल्या भिंगपेशींची वाढ हे त्याचे मुख्य कारण आहे. शस्त्रक्रियेनंतरचा दाह आणि प्रतिकारपेशी या वाढीस कितपत हातभार लावतात, याचाही आता अभ्यास होत आहे.

वार्धक्यातील मंद दाह

वयोमानाप्रमाणे प्रतिकारयंत्रणेतही बदल होतात. नव्या जंतूंना तोंड देण्याची तिची क्षमता घटते आणि त्याच वेळी शरीरात एक मंद, धुमसता दाह कायम राहू लागतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रँचेस्की यांनी २००० साली या स्थितीला ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. हृदयविकार, मधुमेह, स्मृतिभ्रंश अशा वार्धक्यातील अनेक विकारांशी तिचा संबंध जोडला जातो. मोतीबिंदू या यादीत बसतो का?

तसे मानण्यास काही कारणे आहेत. मोतीबिंदूच्या मुळाशी असलेले ऑक्सिडीकरण आणि दाह हे एकमेकांना खतपाणी घालतात. धूम्रपान, मधुमेह आणि अतिनील किरणे हे मोतीबिंदूचे परिचित धोके शरीरात दाहही वाढवतात. मधुमेह किंवा तीव्र लघुदृष्टी असलेल्या मोतीबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यातील द्रवात दाहाचे संदेश वाहणाऱ्या रेणूंचे प्रमाण अधिक असल्याचेही काही अभ्यासांत आढळले आहे.

परंतु या सर्व गोष्टी केवळ साहचर्य दाखवतात. दाहामुळे भिंग गढूळ झाले, की गढूळ होऊ लागलेल्या भिंगातून झिरपणाऱ्या प्रथिनांमुळे दाह सुरू झाला, हे एका वेळच्या तपासणीतून कळू शकत नाही. शिवाय मधुमेहात साखरेचे वाढलेले प्रमाण दाहाच्या मध्यस्थीविनाही भिंगाला इजा पोहोचवते.

दाह हेच मुख्य कारण असेल, तर दाहशामक औषधाने मोतीबिंदू टळायला हवा. या दृष्टीने अॅस्पिरिनची कहाणी उद्बोधक आहे. संधिवातासाठी अॅस्पिरिन घेणाऱ्यांना मोतीबिंदू कमी होतो, असे निरीक्षण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस मांडले गेले आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. पुढे अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर शास्त्रशुद्ध चाचणी झाली. काहींना दिवसाआड अॅस्पिरिन, तर काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. १९९१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, मोतीबिंदू टाळण्यात अॅस्पिरिनचा ठोस लाभ आढळला नाही. एका औषधाच्या अपयशाने संपूर्ण सिद्धांत खोटा ठरत नाही. परंतु निरीक्षणातून दिसलेला संबंध चाचणीत टिकतोच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

सिद्ध काय आणि संभाव्य काय?

उपलब्ध पुराव्याची वर्गवारी केली, तर तीन पायऱ्या दिसतात. भिंगातील प्रथिने बाहेर पडल्यास प्रतिकारयंत्रणा डोळ्याला गंभीर इजा करू शकते, हे निर्विवाद आहे. डोळ्यातील दीर्घकालीन दाहामुळे आणि त्यावरील स्टेरॉइडमुळे मोतीबिंदू होतो, हेही सिद्ध आहे. मात्र कोणताही नेत्रदाह नसलेल्या वृद्ध व्यक्तीला होणाऱ्या सर्वसामान्य मोतीबिंदूत प्रतिकारयंत्रणा सहभागी असते, ही अद्याप केवळ एक शक्यता आहे. तिला प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार आहे. माणसांमधील निर्णायक पुरावा नाही.

ही शक्यता सिद्ध करायची, तर मोतीबिंदू होण्यापूर्वीपासून अनेक वर्षे त्याच व्यक्तींचा मागोवा घ्यावा लागेल. मोतीबिंदूच्या तिन्ही प्रकारांचा स्वतंत्र विचार करावा लागेल. दाहाशी आणि स्टेरॉइडशी निगडित मोतीबिंदू प्रामुख्याने मागील आवरणालगत होतो. तर वार्धक्यात बहुधा गाभ्यात होणारा मोतीबिंदू हा जुन्या प्रथिनांच्या रासायनिक झिजेशी अधिक निगडित आहे. त्यामुळे एका प्रकाराबाबतचा निष्कर्ष दुसऱ्यास लागू करताना सावधगिरी बाळगावी लागेल.

रुग्णांनी काय ध्यानात घ्यावे?

अशा संशोधनाच्या बातम्यांचा एक धोकाही असतो. प्रतिकारशक्ती वाढवून मोतीबिंदू बरा करण्याचा दावा करणारी औषधे, थेंब आणि काढे यांची बाजारात वानवा नाही. वास्तविक वर पाहिलेल्या उदाहरणांत दोष प्रतिकारशक्ती कमी असण्याचा नव्हता. ती नको तेथे, नको तितकी कार्यरत झाली होती. त्यामुळे ती ‘वाढवण्याचा’ मोतीबिंदूच्या संदर्भात काहीच अर्थ नाही. लॅनोस्टेरॉल या द्रव्यामुळे प्राण्यांच्या भिंगातील गढूळपणा कमी होतो, असे २०१५ साली जाहीर झाले, तेव्हा जगभर आशा पालवल्या. नंतरच्या प्रयोगांत मात्र मानवी मोतीबिंदूवर तसा परिणाम दिसला नाही. वार्धक्यातील मोतीबिंदू औषधाने विरघळवण्याचा मान्यताप्राप्त उपाय आजही उपलब्ध नाही; शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

या शस्त्रक्रियेचे आजचे यशही काही अंशी प्रतिकारयंत्रणेच्या संयमावर उभे आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेऐवजी वापरल्या जाणाऱ्या परस्पेक्स या प्लास्टिकचे कण काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. ते वर्षानुवर्षे तेथे राहूनही डोळ्याने त्यांना फारसा विरोध केला नाही, हे हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले. त्याच पदार्थाचे कृत्रिम भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रथम बसवले. आज बसवले जाणारे प्रत्येक कृत्रिम भिंग त्या निरीक्षणाचे ऋणी आहे.

रुग्णांच्या दृष्टीने व्यवहारातील सूचना मोजक्याच आहेत. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. मोतीबिंदू असलेला डोळा अचानक लाल होऊन तीव्र दुखू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. युव्हिआयटिस, संधिवात वा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांची माहिती शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून द्यावी; कारण अशा रुग्णांत आधी दाह पूर्ण आटोक्यात आणावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर दिलेले थेंब दाह शमवण्यासाठी आणि संसर्ग टाळण्यासाठी असतात. दिसू लागले म्हणून ते मध्येच सोडू नयेत. धूम्रपान वर्ज्य करणे, रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि कडक उन्हात टोपी व अतिनील किरणे रोखणारा चष्मा वापरणे, हे उपाय दाहाचा सिद्धांत खरा ठरो वा न ठरो, हितकारकच आहेत.

प्रतिकारपेशी भिंगापर्यंत पोहोचू शकतात, एवढे आता स्पष्ट झाले आहे. त्या तेथे वर्षानुवर्षे नेमके काय करतात, हे उलगडले तर मोतीबिंदू लांबवण्याचा एखादा मार्ग कदाचित पुढील पिढीच्या हाती लागेल. आजच्या वृद्धांना मात्र त्या दिवसाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. वेळेवर केलेली शस्त्रक्रिया त्यांची दृष्टी आजच परत मिळवून देऊ शकते.